हातचा

ओउलू, मार्च. नदी अजून पांढरी, गोठलेली.
वेसा दारातूनच विचारतो, कोटही न काढता:
"रक्तपेढीचं काम, किती आठवडे?"

हेन्रीका आधी फळ्याकडे बघते,
मग जुन्या प्रणालीच्या त्या फाइलकडे,
जिच्यात तारखा तीन तऱ्हांनी लिहिल्यात
आणि लिहिणारा निवृत्त होऊन
कुठेशी मधमाश्या पाळतो.
"साधारण अकरा."

'साधारण' जिन्यातच गळून पडलं.
वरच्या मजल्यावर नुसतं अकरा पोचलं,
विक्रीच्या टेबलावर, सगळ्यांनी जोर लावला तर, नऊ,
आणि गुरुवारी कोपनहेगनच्या गिऱ्हाइकापुढे
निळ्या अक्षरांत, बाणासकट: सात.
खोटं कुणीच बोललं नाही.

शाळेत बेरीज करताना
हातचा लिहायचो आम्ही कोपऱ्यात, बारीक.
विसरला की बाई अख्खं गणित खोडायच्या.
इथे धरला की विचारतात, का लपवलात?

अकरात दोन हातचे होते,
हेन्रीकानं मला नंतर सांगितलं, कॉफीच्या यंत्रापाशी,
चोरी कबूल करावी तशा आवाजात.
एक येन्नीच्या मुलाला कांजिण्या येतील त्याचा
(आल्याच),
आणि एक असाच,
कशाचा ते माहीत नसलेला.

उपाहारगृहात एक वही टांगलेली असते.
नदीचा बर्फ कधी फुटेल, ज्यानं त्यानं तारीख लिहायची,
दोन युरो डब्यात.
वेसानंही लिहिली. शेजारी पेन्सिलीनं:
दक्षिणेचा वारा सुटला तर.
त्याला कुणी म्हटलं नाही,
वारा बाजूला ठेव, पक्की तारीख दे.
नदीला जादा माणसं लावू,
असंही कुणी सुचवलं नाही.

सातव्या आठवड्यात कळलं,
तारखा तीन नाही, चार तऱ्हांच्या आहेत.
चौथीत वर्षच नव्हतं.
रात्रीचे दहा, बाहेर लख्ख उजेड,
आणि पिझ्झाच्या खोक्यांवर आमची डोकी.

तेवढ्यात खाली काहीतरी कडाडलं.
आम्ही सगळे खिडकीशी.
मोठाली पांढरी छपरं एकमेकांवर चढत निघाली होती
समुद्राकडे.
वहीत ती तारीख कुणाचीच नव्हती.

वेसा माझ्या मागे उभा होता, या वेळी कोट काढून.
बराच वेळ बर्फ बघितला त्यानं.
मग हळूच, जवळजवळ लाजत:
"आता किती?"

"साधारण," हेन्रीका म्हणाली,
आणि तो पुढचा शब्द येईपर्यंत
थांबून राहिला.