पाठ चौथा, दुरुस्ती सातवी

पहाटे पाचला न्हाणीत बसून
मी पुन्हा 'ळ' म्हणते.
बाळ. केळ. जवळ. आभाळ.
गिरणी अजून झोपलेली,
दारावर गोधडी टांगलेली, आवाज घुमू नये म्हणून.
मोबाइल मांडीवर. त्याची काच तडकली आहे
नेमकी तिथंच, जिथं रेकॉर्डिंगची लाल टिकली उमटते.

वरून आलेला तयार पाठ
देखणा होता, खोटं कशाला बोलू.
त्यात एक मुलगी समुद्राकाठी शंख वेचते.
वर्गानं विचारलं,
समुद्र म्हंजी येलदरीएवढा का, म्याडम?
बरोबर उत्तराला हिरवा चौकोन, चुकल्याला लाल,
आणि चुकलं की भोंगा.

चित्र होतं भाकरीचं.
तांड्यावरची इमरत म्हणाली, 'बाटी'.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
तिनं पुन्हा सांगितलं, 'बाटी', जरा मोठ्यानं,
कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला सांगावं तसं.
भोंगा.
तिसऱ्यांदा ती बोलली नाही.
मग दिवाळीपर्यंत बोलली नाही.

या मुलीला भाकरी ओळखता येत नाही,
असं त्या तक्त्यात नोंदलेलं आहे, अजून.
तिच्या मनगटावर तव्याचा डाग आहे.

पहिल्या दुरुस्तीत मी फक्त भोंगा काढला.
बाकी मला काही येतच नव्हतं.
जिंतूरच्या दुकानात तौफिकनं शिकवलं
फाइल हलकी कशी करायची ते.
'टीचर, नेट पो नक्को रखो,
तुमारे गाँव के टावर कू बुखार आता.'
कार्डाचे पैसे त्यानं घेतले, पण अर्धे.

मुंजाजीला लाल आणि हिरवं एकच दिसतं.
नऊ वर्षं शिकवूनही हे मला माहीत नव्हतं.
तो शेजारच्याचं तोंड बघून
आपलं उत्तर बरोबर की चूक ते ठरवायचा.
आता बरोबरला मी ज्वारीचं कणीस काढलं.
तो म्हणाला, हे मक्याचं वाटतंय.
एक रविवार दाणे गोल करण्यात गेला.

गंगासागरचं कानामागचं यंत्र
सेल संपला की दप्तरात जातं.
तिला शब्द खाली लिहिलेला हवा
आणि माझं तोंड दिसायला हवं, मोठं, उजेडात.
'ळ' म्हणताना जीभ टाळूकडं कशी वळते
हे मी चाळिशीत पहिल्यांदा आरशात पाहिलं.
सासूबाईंनी मला पाहताना पाहिलं
आणि काही न विचारता चहा ठेवला.
खालची अक्षरं लिहिली होती तिच्या एकटीसाठी.
आवाज बंद करून वाचायची शर्यत
लावली सगळ्या वर्गानं.

केंद्रप्रमुख म्हणाले, तिघाचौघांसाठी एवढी उठाठेव?
मी म्हणाले, व्हय सर.
पुढचं वाक्य मला घरी आल्यावर सुचलं.

सहाव्या खेपेला 'जवळ'मध्ये कोंबडा आरवला.
मी तो कापून टाकला, दोन तास लागले.
मुलांनी ऐकलं आणि विचारलं,
कोंबडा कुठं गेला?

आणि इमरत.
तिला मी म्हटलं नाही, बोल.
मधल्या सुट्टीत मोबाइल खिडकीत ठेवला, चालू,
तिला दाखवून, की बघ, चालू आहे,
आणि मी हापशावर हात धुवायला गेले.
परत आले तर सात मिनिटांची फाइल.
पाच मिनिटं नुसता वारा, चपला, कुणाची तरी शिंक.
मग अगदी जवळून, ओठ टेकवून म्हणावं तसा
एक शब्द.
तिला विचारलं, ठेवू का पाठात?
तिनं खांदे उडवले. मग मान हलवली.

आता भाकरीच्या चित्राला दोन कळा आहेत.
एक दाबली की मी बोलते.
दुसरी मुलं जास्त दाबतात.

साडेपाच. गिरणी सुरू झाली.
बॅटरी नऊ टक्के.
आभाळ.
पुन्हा एकदा. आभाळ.
कोंबडा आज का गप्प आहे, कुणास ठाऊक.
थांबते जरा.