बांड्या

जायच्या आदल्या रात्री अनीस परकारने
सोफा विकला, फ्रिज विकला, गादी हारिसला दिली
आणि हे रोप माझ्या हातात ठेवलं.
"विकायचं नसतं. मलाही असंच मिळालंय."
बैलाच्या जिभेसारखी जाड, खरखरीत पानं,
हिरव्यावर पांढरे ओघळ, कुणी चुना सांडल्यासारखे.
दुकानात ह्याला गॅस्टेरिया म्हणतात.
दापोलीचा परकार म्हणायचा बांड्या.

कुंडीच्या तळाला मार्करने नावं:
मारिसेल. मग मल्याळममध्ये कुणीतरी.
मग त्याचं स्वतःचं, उर्दूत, शाई अजून ओली.
नाव जाताना लिहायचं, असा रिवाज.

बाकी त्याने सांगितलं ते जसंच्या तसं:
सकाळचं ऊन, आठपर्यंत. मग पडदा.
पांढऱ्याला ऊन सोसत नाही, भाजून तपकिरी होतं,
आणि अंधारात ठेवलंस तर रुसून हिरवं होतं.
उन्हाळ्यात नळाचं पाणी घालशील तर शिजेल,
गच्चीवरची टाकी उकळते इथे फहाहीलला.
बंद गीझरमधलं गार पाणी घे,
तेही काडीला माती चिकटेनाशी झाल्यावर.
"आणि कीव आली म्हणून घालू नकोस.
ह्या इमारतीतली निम्मी झाडं लोकांनी
घरी फोन करता करता बुडवून मारलीत."

मार्चमध्ये बुडाशी पिल्लू आलं.
अख्खं पांढरं, शहाळ्यातल्या मलईसारखं.
मी फोटो पाठवला. उत्तर आलं:
तोडू नको. त्याला स्वतःचं जेवण करता येत नाही.

मी तोडलं.
वेगळी वाटी, धुतलेली वाळू, जखमेला दालचिनीची पूड.
सतरा दिवस ते तसंच देखणं राहिलं.
अठराव्या दिवशी काचेसारखं झालं,
बोट लावलं तर आत काहीच नव्हतं.
परकारला कळवलं नाही.

मग एक आलं, ठार हिरवं.
हे तर काढायलाच हवं;
हिरवं भराभर वाढतं, सगळं पाणी ओढतं,
दोन वर्षांत बांड्या उरत नाही.
काढलं. टाकवेना.
दह्याच्या डब्यात लावून हारिस सब्रीला दिलं.
त्याने ते जिन्याखाली ठेवलं,
एसीच्या गरम झळीसमोर.
उरलेला चहा घालतो, कधी पंधरा दिवस विसरतो,
धुळीचं वादळ येऊन गेलं की फुंकर मारतो,
आणि ते मस्त आहे, डबा फुटायला आलाय.
"बुस्सी, दक्तूरा!" बघ म्हणतो, रोज.
मी डॉक्टर नाही, फक्त रक्त काढते,
हे सांगणं मी केव्हाच सोडलं.

परवा दवाखान्यातून कागद आला.
करार ऑगस्टपर्यंत, पुढे नाही.
घरी येऊन आधी मातीत काडी खुपसली.
कोरडी निघाली.
गीझर उघडला, एक वाटी, कडेकडेने.

तिसऱ्या पानाखाली काहीतरी टोकावतंय,
पांढरं की हिरवं की दोन्ही,
अजून सांगता येत नाही.

मार्कर सुकलाय.
चौथ्या मजल्यावर सोलापूरची एक मुलगी आलीय नवीन,
तिच्या खिडकीत सकाळचं ऊन येतं का
विचारलं पाहिजे.