बाहेरचे यजमान

गुरुवारी रात्री साडेआठला आम्ही मोडी वाचतो.
अकरा जण, कधी चौदा. एक पान दीड तास पुरतं.
पान आमच्या वहीतलं, आवाज मात्र
कुंभकोणमच्या पंचापकेशरावांचा,
पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहून तमिळ वळणावर गेलेला.
लेखणी न उचलता लिहिलेली ओळ
ते श्वास न घेता वाचतात.
मी नुसती लिंक पाठवते.

तरी होस्ट मी.

मागच्या महिन्यात दोनदा लाइट गेले,
आणि दारात ताटकळलेल्यांना आत घ्यायला कोणी नाही.
म्हणून त्यांना होस्ट करायला गेले, तर पडद्यावर पाटी:
ही व्यक्ती तुमच्या संस्थेबाहेरची आहे.

मंडळाचे खजिनदार शौचेकाका पाटीच्या बाजूचे.
"परवानगी म्हणजे किल्ली गं. बाहेरचा माणूस,
उद्या आपल्यालाच काढलं बाहेर तर?
वर्षाचे पैसे आपण भरतो. पावती दाखवू?"
पावती त्यांनी दाखवलीच.

तिथे काही बोलले नाही.
उत्तरं मला नंतर सुचतात,
बहुतेक वेळा गाडगे महाराज पुलावर, गाडी चालवताना.
आमच्या धंद्यात यजमान
कधी घरचा असतो का?
तो मालेगाव स्टँडवर उतरतो,
हातात पिशवी, पिशवीत अस्थी किंवा नुसतेच तांदूळ,
गाव सांगतो, आडनाव सांगतो,
आणि अप्पा वही उघडून त्याला त्याचाच आजा दाखवतात.
पाट त्याचा, संकल्प त्याचा,
पाणी सोडणारा हात त्याचा.
आम्ही शेजारी बसून सांगायचं,
आता नाव घ्या. आता गोत्र.
गोत्र माहीत नसेल तर कश्यप म्हणा.

सेटिंगमध्ये तीन पानं खाली एक चौकट होती, रिकामी.
तिच्यात खूण केली.
काकांना विचारलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी धरणातून पाणी सोडलं.
सहाला दुतोंड्याच्या गुडघ्यांना, सातला कमरेला.
आम्ही वह्या माडीवर चढवत होतो,
लाल कापडात बांधलेली गावं,
खेड, पारनेर, कऱ्हाड, हातोहात.
अप्पा जिन्यात बसून मोजत होते
आणि प्रत्येक वेळी एकेचाळीसवर चुकत होते.
साडेआठ कधी वाजले कळलं नाही.

सव्वानऊला, मोबाइलचे नऊ टक्के उरलेले,
घाईत लॉगिन न करताच लिंक दाबली,
आणि माझ्याच सभेच्या दारात मी उभी:
थांबा. यजमान तुम्हाला आत घेतील.

अंगठ्याचा चिखल काचेला लागला.
अर्धं मिनिट असेल.
घाटावर गर्दीत आपला उपाध्या शोधत
माणसं अशीच उभी असतात,
आणि आम्ही लांबूनच ओळखतो,
हा आपला नाही, हा पलीकडच्यांचा.

मग आत घेतलं.
ओळ अर्ध्यात होती. कोणी दचकलं नाही.
शौचेकाका म्यूटवर, ओठ जोरात हलत होते.
पंचापकेशराव म्हणाले, "या. पाणी कुठवर?"
"कमरेला."
"वह्या?"
"वर."
"बरं. सहाव्या ओळीत एक अक्षर अडलंय, बघा."

ते अक्षर मलाही लागलं नाही.

नंतर मेणबत्तीजवळ सभेची नोंद केली,
अप्पा करतात तशी:
यजमानांचं नाव, मूळ गाव, हल्ली मुक्काम, बरोबर कोण.
नाव लिहिलं. कुंभकोणम लिहिलं. बरोबर, आम्ही तेरा.
मूळ गाव कधी विचारलंच नव्हतं.
तेवढी जागा सोडली.