तंबू दुरुस्तीला

दाणाबंदरच्या मागच्या बोळात, ताडपत्र्यांच्या ढिगाआड
परकारचाचांचं मशीन आहे.
ट्रकची छपरं, मांडवाची कापडं, होड्यांची झाकणं.
मी पिशवीतून तंबू काढला
तर त्यांनी तो आधी हुंगला.
"बकरं होतं काय आत?"
नाही, म्हटलं. मी होते.

चार चिरा, वरून खाली.
चष्मा कपाळावर चढवून
चाचांनी एकेकीत एकेक बोट घातलं
आणि अंगठ्याचं काय करावं ते न कळून
जरा वेळ तसेच बसले.

मग मी न विचारता सांगत सुटले.
कुमाऊंतलं कुरण, बुरांसाच्या रानाच्या वर.
हयातसिंगने उजेडीच दाखवलेली दोन झाडं:
खाणं इथे टांगायचं, तंबूपासून शंभर पावलं,
दोन पुरुष उंच, दोरीच्या मधोमध.
फोडणी दिली त्या कपड्यांत झोपायचं नाही.
दात घासायची पेस्टसुद्धा वर.
या अंगाला एक अस्वल आहे, कानतुटं,
माणसांच्या डब्यांची चटक लागलेलं.
आलंच तर पळू नका, पाठ दाखवू नका,
ताट बडवा, मोठ्यानं बोला, हळूहळू मागे सरा.

मी मान डोलावली. डाळ, तांदूळ, पेस्ट, सगळं टांगलं.
वन्संनी दिलेले डिंकाचे लाडू तेवढे
(सात होते) उशाखाली ठेवले.
थंडीत रात्रीची भूक लागते, आणि
शंभर पावलं अंधारात कोण जाणार.

तीनच्या सुमाराला अगदी कानाशी
जिना चढून आलेल्या माणसासारखं
कुणीतरी धापा टाकत होतं.
बडवायचं ताट घासूनपुसून झाडावर होतं.
मोठ्यानं बोला, म्हणाला होता.
तोंडात आला तो सतराचा पाढा.
सतरा पंचे पंच्याऐंशीला कापड फाटलं.

"ही बघा पहिली," चाचा म्हणाले,
"इथून जोर लावलाय. दुसरी, तिसरी सरळ.
चौथी मात्र इथेच थांबली. पुढे नुसता धागा ओढलाय,
कापड शाबूत. तुमचं डोकं कुठे होतं?"
मी बोट ठेवलं.
त्यांनी वीत लावून पाहिली. वीतसुद्धा भरली नाही.
"तुमच्याशी काय भांडण नव्हतं त्याचं," म्हणाले
आणि पायटा हलवायला लागले.

शिवणीत एक केस निघाला, काळा, राठ.
चाचांनी तो काडेपेटीत घालून
काही न बोलता माझ्यापुढे सरकवला.

मी त्यांना सांगितलं नाही
की ती त्या हंगामातली तिसरी तक्रार होती,
की तक्रारीखाली सही माझी होती,
की पंचनाम्यात अर्धा लाडूही लिहिलाय, उष्टा.
मंगळवारी हयातसिंगचा फोन आला:
पिंजऱ्यात गूळ ठेवला होता.
फार वेळ लागला नाही, दीदी,
गोडाची सवय तर होतीच.

चौथी चीर अर्धीच, म्हणून पैसेही अर्धेच घेतले.
शेजारच्या दुकानातून मी वीस मीटर दोरी घेतली,
कुठे जायचं काही ठरलेलं नसताना.

मुलुंडला घरी वन्संचा नवा डबा येऊन पडला होता.
झोप लागेना.
तीनला उठले. गॅलरीतली
कपडे वाळत घालायची दांडी कप्पीवरून खाली घेतली,
डबा बांधला, छताला टेकेपर्यंत ओढला.
अकराव्या मजल्यावर.

सकाळी श्रीरंगने विचारलं,
माझ्या पँटींच्या मधे हे काय लोंबतंय?

शंभर पावलं नाहीत ना आपल्या घरात, म्हटलं.
मोजून पाहिली. चौदाच होतात.