भुईकाटा

मार्केट यार्डाच्या मागच्या गेटाशी, काचेच्या केबिनमध्ये
मी बसते. ट्रक चढतो, आकडे धावतात, थांबतात.
भरलेलं. रिकामं. निव्वळ.
पावती फाडून देते.
हळदीच्या हंगामात पावतीबुकाच्या कडा पिवळ्या होतात,
नखं तर होतातच.

सहा वर्षांपूर्वी मिरजेला पोट कापून लहान केलं.
एकशे अठ्ठावीस होते.
दीड वर्षात एकाहत्तर.
राजेसाब ड्रायव्हर खिडकीशी वाकून म्हणाला,
बाई, निम्मा माल कुठं उतरवलासा?
आणि मी हसले, मान वर करून.

तिथपर्यंतचं सगळ्यांना सांगता येतं.
त्याच्यापुढचं कुणी विचारत नाही.

पुढचं असं, की
मऊ भात चौथ्या घासाला अडतो, छातीत धोंडा बसतो,
पण भडंग अडत नाही.
कुरकुरत जातं, जागा मागत नाही.
तीनला पुडी सोडायची, पाचला कागदावर
लसणाची सालं आणि तेलाचा डाग.
डॉक्टर म्हणाले, पोट लहान केलंय, हात नाही.
डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत. हे माझंच.

चौथ्या वर्षी त्र्याहत्तर.
दिवाळीनंतर सत्त्याहत्तर किलो चारशे ग्रॅम.
नणंद म्हणाली, बरं झालं बाई, जरा भरलीस,
मधे अगदी आजारी दिसायचीस.

आई पर्युषणात आठ दिवस पाण्यावर काढायची.
तिला न खाणं सोपं होतं.
मला खायचं आहे, रोज, मोजून :
आधी मुगाची उसळ, मग भाकरीचा चतकोर,
घासागणिक चमचा खाली,
पाणी आधी अर्धा तास किंवा नंतर अर्धा तास.
आमच्यात अंडं चालत नाही, म्हणून व्हॅनिलाची पावडर,
जी मला सहा वर्षांत एकदाही आवडलेली नाही.
महिन्याला इंजेक्शन. केस विंचरते तेव्हा फणीकडे बघत नाही.
पोटावरची कातडी घडी घालून परकरात खोचते.
यार्डात बारदान वजा करतात, पोत्यामागं ठरलेलं.
माझं कुणी करत नाही.

घरचा काटा ग्रॅमसुद्धा सांगतो.
इथला दहा किलोंखाली बोलतच नाही.
परवा शेवटची गाडी गेल्यावर
चपला काढून त्या पोलादी पत्र्यावर मधोमध जाऊन उभी राहिले.
एवढ्या मैदानात एक बाई.
मगदूमअण्णांना म्हटलं, आत बघून सांगा.
"ऐंशी," ते ओरडले.
जीव चरकला.
मग ते बाहेर आले, दाराला टेकले.
"मागं एकशेतीस दावलं होतं ह्येनं.
आपरेशनच्या आधी अशाच उभारला होता की."
मी विसरले होते.
"तवा चपला काढल्या न्हवत्या तुमी."
नव्हत्याच काढल्या.
तिला बक्कल होतं, आणि मला वाकता येत नव्हतं.

पत्रा अजून गरम होता.
मी बराच वेळ तिथेच, अनवाणी.

पावसाळ्यात चाकांची माती साचते,
सकाळी वर काही नसताना काटा चाळीस दाखवतो.
झाडून घ्यायचं, बटण दाबायचं, शून्य.
संध्याकाळपर्यंत परत माती.
याबद्दल आजवर कुणी माझा नारळ देऊन सत्कार केलेला नाही,
आणि मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सव्वातीन वाजलेत.
ड्रॉवरमध्ये पुडी आहे, रबर लावलेली.
तासगावची गाडी हॉर्न देते आहे.