कधीकधी

चावी फिरवली की टक्.
एकदाच, जीभ टाळूला लावून वाजवावी तसा.
मग काही नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा
मंद होतो, आणि मान वळवल्यासारखा विझतो.
दहा मिनिटांनी, कधी विसाव्या मिनिटाला,
गाडी अशी सुरू होते
की जणू मघाशी मीच काही भलतं बोलले.

नव्व्याण्णव सालची झेन. तीन हात फिरून आलेली.
मागच्या काचेवर कुणाच्या तरी क्लबाचा
अर्धा खरवडलेला स्टिकर.

नाना पेठेत, यासीन शिकलगारच्या गॅरेजात
ती एकदाही अडली नाही.
अकरा वेळा त्याने चावी फिरवली. अकरा वेळा चालू.
"डॉक्टरला बघून ताप पळतो तसंय हे."
तरी बॅटरी बदलली. मग स्टार्टरचे कार्बन.
मग इग्निशन स्विच.
बिलं चोख. दुखणं तिथंच.

मी मुद्रितशोधक. चोवीस वर्षं
दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करते.
ही जात मला ठाऊक आहे:
तीन प्रुफं डोळ्यांत तेल घालून वाचावीत
आणि पुस्तक हातात आलं की पहिल्याच पानावर
ती बसलेली असते, मांडी घालून.

शेवटी यासीन म्हणाला, "लिहून ठेवा मॅडम.
कुठं, किती वाजता, ऊन होतं का, गाडी कशी उभी होती. सगळं."

मंगळवार. शनिपाराजवळ, संध्याकाळी सात. टक्.
गुरुवार. कर्वे रोडचा पंप. चालू.
शुक्रवार. प्रभात रोड, गल्लीत, रणरणतं ऊन. टक्.
रविवार. बहिणीकडे, तळघरातलं पार्किंग. चालू.
सोमवार. घराखाली, खाजगीवाल्यांच्या फाटकाशेजारी. टक्.
वायपरखाली त्यांची चिठ्ठी:
"ढकलुन का होईना, गाडी हलवावी."
त्यातला लु मी लाल शाईने दीर्घ केला
आणि चिठ्ठी त्यांच्या पेटीत परत टाकली.

एकोणीस नोंदी झाल्या.
एका रात्री त्या प्रुफासारख्या वाचल्या,
शेवटाकडून सुरुवातीकडे,
म्हणजे डोळा सवयीने पुढे घसरत नाही.
ऊन नव्हे. पेट्रोल नव्हे. वेळही नव्हे.
टक् तिथे तिथे, जिथे जागा नव्हती म्हणून
मी डावी चाकं फुटपाथवर चढवली होती.
पंप सपाट. तळघर सपाट.
यासीनच्या गॅरेजची फरशी सपाट.

सकाळी सांगितलं. तो हसला नाही.
डाव्या चाकांखाली विटा सरकवल्या,
बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला.
"फिरवा."
टक्.
बिघाडावर इतकं खूश झालेलं माणूस
मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अर्थ लागत नाहीये, मॅडम."

मी गप्प. हे वाक्य मी समासात
पेन्सिलीने किती वेळा लिहिलंय,
मोठमोठ्या नावांच्या ओळींपुढे, प्रश्नचिन्हासकट.

"अर्थ म्हणजे ही पट्टी. इंजिनाकडनं बॉडीला.
गाडी सरळ असली की टेकून राहते.
कलली की इंजिन जरा झुकतं, आन् हिची सुटते.
बाकी सगळं धड आहे हो.
करंट जातोय. परत यायला वाट नाही."

त्याने ती बाहेर काढली. तांब्याच्या तारांची वेणी,
हिरवट, एका टोकाला चार केसांवर लोंबणारी.
नवी एकशे चाळीस रुपयांना.
मजुरी घेईना. मग घेतली.

जुनी मी मागून आणली. टेबलावर असते,
प्रुफांवर वजन म्हणून.
फारसं वजन नाही तिला. पंखा तीनवर केला
की कागद उडतातच.

काल पेटीत चिठ्ठी:
"ढकलून कळले. गाडीचे काय?"
शुद्ध. काना-मात्रेला जागा नाही.
मी खाली गेले. डावी चाकं फुटपाथवरच होती.
चावी फिरवली,
आणि फाटकाशेजारी उभ्या उभ्या रेस केली,
गरजेपेक्षा जरा जास्त.