एकोणनव्वद

वादी कबीरच्या चढावर बदरने गाडी ढकलतच आणली,
वडिलांची डॅटसन, लांब नाकाची, रंग उडालेला.
म्हणाला, तीन लिटरच्या वर न्यायचीय.
चहा ओतता ओतता इब्राहिम परकार थांबला.

फरशीवर खडूने मांडलं मी:
बोअर ८६, ती ८९.
स्ट्रोक एकोणऐंशी, तो त्र्याऐंशी.
क्रँक डिझेलचा बसतो, त्याच घराण्यातला,
सोहारच्या भंगारात एक टॅक्सी आहे, तिच्या पोटात.
"हिला टॅक्सीचा कणा?" बदर हसला.
कण्याला काय ठाऊक, आजवर कुणाला वाहिलं.

खरा प्रश्न भिंतीचा.
एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला पाणी,
मध्ये जेमतेम दोन सूत बीड.
त्यातलं अर्धं सूत मी मागतोय.
इचलकरंजीत लेथवर होतो तेव्हा
नुसत्या बोटाने सांगितलं असतं, चालेल की नाही.
आता जेल लावून मीटर फिरवतो,
डॉक्टर पोटावर फिरवतात तसा
(लेकीचा तसला फोटो फोनवर आला होता,
उलटा धरून पाहिला, काही कळला नाही).

पहिला ठीक. दुसरा, तिसरा ठीक.
चौथ्यापाशी आकडा घसरला.
पुन्हा लावला. पुन्हा तेवढाच.

बदर बाहेर फोनवर कुणाला तरी
अजून न झालेल्या इंजिनाचा आवाज काढून दाखवतोय.
इब्राहिम चपलेने नऊ पुसतो,
तिथे आठ काढतो, माझ्याकडे बघतो.
मी मनात गुणाकार करतो:
तीन लिटर होतात,
आणि वर
कपात उरलेल्या चहाएवढं.